स्वभावाला औषध नाही, असं आई म्हणते

पत्र थोडक्यात: लेखिका २८ वर्षांची, फोंडा तालुक्यातल्या एका गावची. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत ७ वर्षं नोकरी. नव्या मुलांना शिकवणं आणि ऑडिटरांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे काम असलेल्या ८ जणांच्या गटाची प्रमुख हो, असं वरिष्ठांनी तिला सुचवलं आहे. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे. मध्यंतरी कंपनीने सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. तिचा निकाल आला 'आय-एस-टी-जे', म्हणजे अंतर्मुख गटातला. कार्यशाळा घेणारे गृहस्थ म्हणाले, अशी माणसं पडद्यामागे शोभतात. आई म्हणते, 'स्वभावाला औषध नाही, उगाच डोक्याला ताप कशाला?' वडील काहीच म्हणत नाहीत. ते घरात बोलतच नाहीत. वर्षातून एकदा देवळाच्या उत्सवातल्या नाटकात उभे राहतात, तेवढाच त्यांचा आवाज गावाला ऐकू येतो. त्यात साखरपुडा ठरला आहे. मुलगा बोलका, चारचौघांत रमणारा. मावसबहिणीने दोघांचीही चाचणी फोनवर करून 'हे जुळत नाही' असं सांगितलं आहे. लेखिका विचारते: 'मी आहेच तशी. मग पद नाकारणं हाच प्रामाणिकपणा नाही का? की स्वभाव बदलता येतो?'

प्रिय बाय,

नाव-गाव कुठे येऊ देऊ नका असं तू लिहिलंस, म्हणून ही आपल्याकडची घरगुती हाक. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'मी आहेच तशी' हे वाक्य त्यात चार वेळा आलं आहे. पहिल्यांदा चाचणीच्या निकालाबद्दल, मग शाळेतल्या एका फसलेल्या भाषणाबद्दल, मग होणाऱ्या नवऱ्याबद्दल. चौथ्यांदा येतं तोवर तुझा निर्णय झालेला आहे, त्यावर फक्त माझी सही हवी आहे. ती मी आज करत नाही. आधी थोडं बोलू.

हे वाक्य पहिल्यांदा कुणी म्हटलं? चाचणी तर परवाची. तू लिहितेस की लहानपणी पाहुणे आले की तू आत जाऊन बसायचीस आणि आई कौतुकाने सांगायची, 'आमची अबोल आहे.' म्हणजे घरात वीस वर्षं बोललं गेलेलं वाक्यच कंपनीच्या कागदावर इंग्रजी अक्षरांत छापून आलं. छापून आलं म्हणून तुला ते शास्त्र वाटलं.

त्या चार अक्षरांचा उगम सांगते, कारण कार्यशाळेत तो सहसा सांगत नाहीत. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी जगाच्या तोंडी बसवली स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी. मानसिक प्रकारांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९२१ साली जर्मन भाषेत आला. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस सापडेल, असं त्यांनाही वाटत नव्हतं. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज या बाई त्यांच्या लिखाणाने झपाटल्या आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स हिने दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यावरून प्रश्नावली बनवायला घेतली. युद्धामुळे कितीतरी बायका पहिल्यांदाच नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या, त्यांना आपल्याला मानवेल असं काम सापडावं, ही तिची इच्छा. दोघी मायलेकींचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. कष्ट मात्र प्रामाणिक होते आणि तो हेतू मला आजही आवडतो. म्हणूनच मला खटकतं की बायकांना कामापर्यंत पोचवायला जी चाचणी जन्मली, तिचा हवाला देऊन तू काम नाकारायला निघाली आहेस.

चाचणीची मोठी अडचण तिच्या दोरीत आहे. तू रोज बोरीच्या पुलावरून झुवारी ओलांडतेस. खालचं पाणी खारं की गोडं? मे महिन्यात चांगलंच खारं, भर पावसात पुष्कळसं गोडं. भरतीला एक, ओहोटीला दुसरं. मुरगावकडे गेलीस तर समुद्र, सांग्याकडे वर गेलीस तर नदी, आणि मधे मैलोगणती दोन्ही मिसळलेलं. माणसांची अंतर्मुखता मोजली की असंच दिसतं: बहुतेक सगळे मधल्या पाण्यात, टोकांना थोडे. ही चाचणी त्या मधल्या पाण्यात दोरी बांधते आणि अलीकडच्या सगळ्यांना एक अक्षर देते, पलीकडच्यांना दुसरं. दोरीच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या दोघी स्वभावाने जवळपास सारख्या असतात, पण कागदावर परक्या होतात. म्हणून तर काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं किमान एक अक्षर बदलतं. तुझ्या कागदावर अक्षराशेजारी आकडा किंवा पट्टी असेल. ती बघ. पत्रात तू अक्षरं लिहिलीस, आकडा लिहिला नाहीस.

आणि पडद्यामागे शोभण्याचं म्हणशील तर, ही चाचणी चालवणारे लोक स्वतःच सांगतात की नोकरीसाठी माणूस निवडायला किंवा कुणाला कुठलं काम द्यायचं हे ठरवायला तिचा वापर करू नये. त्या गृहस्थांनी तुझं वाईट चिंतलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्या हातातल्या साधनाला जे सांगता येत नाही, ते त्यांनी सांगितलं.

तू लिहितेस, 'पण वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, इतकं ते मीच होते.' याबद्दल एक जुना प्रयोग आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचं त्याचं वर्णन दिलं. हे तुम्हाला कितपत लागू पडतं, ० ते ५ मध्ये गुण द्या, असं सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो बराचसा रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. आपल्याला लागू पडतील अशी वाक्यं आपण किती आतुरतेने कवटाळतो, ते त्या वर्गाने पाहिलं. तुझी चाचणी भविष्याच्या पुस्तकाइतकी पोकळ आहे असं मी म्हणत नाही. पण तिला तुझ्याबद्दल जे कळलं ते तूच भरलेल्या उत्तरांतून कळलं. 'मी आहेच तशी' म्हणणाऱ्या मुलीने भरलेली उत्तरं तीच गोष्ट परत सांगणार.

मग स्वभाव म्हणून काही नसतंच का? असतं. तुला बरं वाटावं म्हणून मी ते नाकारणार नाही. तुझं शांत असणं खरं आहे. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. तुझ्या बाबांकडे पाहिलं की तुझ्याकडे ते कुठून आलं असावं याचा अंदाज येतोच.

पण 'शांत' म्हणजे नेमकं काय? गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजीचा वेबस्टर कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले होते. पुढच्या संशोधकांनी ते गाळत, जुळवत पाच मोठ्या गुणांपर्यंत आणले आणि आज अभ्यासक ज्या पाच घटकांवर सर्वांत जास्त भिस्त ठेवतात, त्यांचं मूळ त्या कोशात आहे. मी तुला एवढं मोठं काम सांगत नाही. आपल्या मराठीत गप्प माणसासाठी किती शब्द आहेत ते आठव. अबोल. मितभाषी. भिडस्त. लाजाळू. मुखदुर्बळ. घुमा. बुजरा. यातला प्रत्येक माणूस वेगळा आहे. मितभाषी माणसाला बोलता येतं, त्याला जास्त बोलायची गरज वाटत नाही. भिडस्ताला 'नाही' म्हणवत नाही. मुखदुर्बळाला सगळं ठाऊक असतं पण ऐनवेळी तोंड उघडत नाही. घुम्याच्या पोटात काहीतरी साचलेलं असतं. लाजाळू माणसाला लोक हवे असतात, पण त्यांच्या नजरेची धास्ती असते. आजी एका नजरेत ओळखायची की समोरचा यातला कोण. चाचणीकडे या सगळ्यांसाठी मिळून एक अक्षर आहे.

तर कागद घे आणि यातली तू कोण ते ठरव. प्रयोगशाळेत कोण, घरी कोण, साखरपुड्याच्या बोलणीत कोण. पत्रावरून मला वाटतं की प्रयोगशाळेत तू मितभाषी आहेस आणि अनोळखी माणसांच्या बैठकीत मुखदुर्बळ होतेस. हे दोन वेगळे मामले आहेत. पहिल्याला कसल्याही उपायाची गरज नाही. दुसऱ्याला सरावाने फरक पडतो.

तू पत्राच्या तळाशी, जाता जाता, एक ओळ लिहिली आहेस: पौषात धालोच्या, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या, मांडावर गाणं उचलायचं ते तूच, बायका तुझ्याकडेच बघतात. बाय, ही ओळ तळाशी का? पत्राच्या सुरुवातीलाच का नाही? मांडावर चाळीस बायका असतात. तिथे तुझा आवाज पहिला निघतो.

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली असाच प्रश्न उभा केला होता आणि त्याने व्यक्तिमत्त्वाचा सगळा अभ्यास हादरला. त्याचं म्हणणं असं की माणसाचा एखादा गुण मोजून, अमुक प्रसंगी तो कसा वागेल हे सांगायला जावं तर अंदाज फार कच्चा निघतो. पुढे युइची शोडा यांच्याबरोबर त्याने उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. एक मूल बरोबरीच्या मुलांनी डिवचलं की भडकायचं, पण मोठ्यांनी दटावलं तर गप्प. दुसऱ्याचं नेमकं उलट. सरासरी काढली तर दोघं सारखीच रागीट. स्वभाव दिसायचा तो 'असं झालं तर मी असा' या नक्षीत, आणि ती नक्षी प्रत्येकाची स्वतःची, बरीचशी पक्की. तेव्हा तुझा स्वभाव बदलतो की नाही याआधी तो कुठे कसा दिसतो ते लिहून काढ. पंधरा दिवस एक छोटी वही जवळ ठेव. कुठे बोलले, कुणासमोर, विषय काय, आधी किती वेळ मिळाला होता, नंतर कशी थकले. मला खात्री वाटते की त्यात एक गोष्ट वर येईल: विषय आपला असला, माणसं ओळखीची असली आणि तयारीला वेळ असला की तू बोलतेस. या तिन्ही गोष्टी तुझ्या नव्या कामात जमवता येण्यासारख्या आहेत.

आता वरिष्ठांचा विचार करू. ७ वर्षं ज्यांनी तुझं काम पाहिलं, त्यांनी तुला का विचारलं असेल? पाच मोठ्या गुणांतला एक आहे कर्तव्यदक्षता: नोंद वेळेवर, शब्द पाळणं, चूक लपवायची नाही. मरे बॅरिक आणि मायकल माउंट या दोघांनी १९९१ साली ११७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सर्व प्रकारच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी सातत्याने जोडलेला दिसला तो हाच गुण. बहिर्मुखतेचाही उपयोग दिसला, पण विक्री आणि व्यवस्थापनासारख्या कामांत. हे लपवत नाही, कारण तुझ्या कामात थोडं व्यवस्थापन आहेच. पण औषधाच्या कारखान्यात ऑडिटरला गोड बोलणारा माणूस नको असतो. त्याला रजिस्टरातल्या नोंदीचा अर्थ नीट सांगणारा हवा असतो. तुझ्या वरिष्ठांनी हा विचार केला असेल.

आणि आता बाबा. तुझ्या पत्रात त्यांना दोनच ओळी आहेत, पण मी तिथेच अडकले. घरी पाणी मागायलासुद्धा तोंड न उघडणारा माणूस उत्सवात पालखी झाल्यावर रंगमंचावर येतो, कधी कंस, कधी औरंगजेब, आणि मागच्या रांगेतली पोरं दचकतात. तू लिहितेस, 'ते खरे नव्हेत, ते नाटक.' इतक्या सहज सोडून देऊ नकोस. तो आवाज कुणाचा? भाड्याने आणलेला नव्हता. आपल्या गोव्यात गावोगावी असे पुरुष आहेत आणि बायकाही, ज्यांचं गळ्यापर्यंत आलेलं बोलणं फक्त जत्रेच्या रात्री बाहेर पडतं.

जॉर्ज केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यातूनच उपचार घडवला. १९५५ साली त्याने आपला व्यक्तिमत्त्वाचा सिद्धांत मांडला. माणूस आपल्या मनातल्या मोजपट्ट्यांनी जगाचा आणि स्वतःचा अर्थ लावतो, आणि त्या पट्ट्या बदलता येतात, हे त्याचं सूत्र. तरुणपणी त्याने नाटकंही बसवली होती. उपचाराला आलेल्या माणसाला तो आधी स्वतःचं वर्णन लिहायला लावी. ते 'मी' म्हणून लिहायचं नाही. आपण एखाद्या नाटकातलं मुख्य पात्र आहोत आणि आपल्याला जवळून ओळखणारा, आपल्याबद्दल माया असलेला मित्र ते लिहितो आहे, असं समजून लिहायचं. मग ते वाचून उपचारक एक नवं पात्र रचायचा. उलट स्वभावाचं नव्हे, जरा वेगळ्या दिशेचं. त्याला नावही वेगळं. साधारण दोन आठवडे ते पात्र घरी, कामावर, बाजारात जगायचं, कुणाला न सांगता. मग उतरवून ठेवायचं. त्या पात्रासारखं कायमचं होणं हा उद्देश नव्हता. आपण आजवर जे जगलो ती सुद्धा एक भूमिका होती आणि तिच्याशेजारी दुसरी उभी राहू शकते, हे अनुभवाने कळावं, एवढंच.

हे तू कर. रीतसर उपचार म्हणून नव्हे, घरगुती सराव म्हणून. आधी तुझं वर्णन लिही, तुझ्या सगळ्यांत जुन्या मैत्रिणीच्या लेखणीने. मग एक पात्र लिही. खूप बोलणारी, हसतमुख बाई लिहू नकोस, ती तुला दोन दिवसांत दमवेल. अशी एक बाई लिही जी कमी बोलते पण समोरच्याला प्रश्न विचारते, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे बघते. तिला नाव दे. महिनाअखेरीला दिवस थोडे आहेत, तेव्हा आठ दिवस तिला कामावर ने. नव्या मुलाला पिपेट कशी धरायची हे ती सांगेल. कँटीनमध्ये ती एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारेल. रात्री वहीत लिही: तिला काय जमलं, काय जड गेलं.

स्वभाव बदलतो का, याचं उत्तर इथे थोडक्यात देते. विल्यम जेम्स यांनी १८९० साली लिहिलं होतं की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो, म्हणजे तुझी आई एकटी नाही. पण २००६ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तीच माणसं तपासणारे ९२ अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की माणसं आयुष्यभर हळूहळू बदलतात, आणि सर्वांत जास्त वीस ते चाळीस या वयात. अलीकडच्या अभ्यासांत हेही दिसलं की 'मला बदलायचं आहे' असं नुसतं ठरवून काही होत नाही. ठरवलेली छोटी छोटी कामं आठवड्यामागून आठवडे प्रत्यक्ष करणाऱ्यांच्या गुणांत फरक पडतो, थोडा पण खरा. झुवारी आपलं मूळ बदलत नाही, पाण्याची चव बदलते.

दमण्याचंही खरं आहे. अगदी शांत स्वभावाच्या लोकांना आठवडाभर बोलकं वागायला लावलं, तर त्यांना थकवा येतो आणि आपण खोटं वागतो आहोत असं वाटत राहतं, हेही अभ्यासांत दिसलं आहे. ब्रायन लिटल हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्वतः पक्के अंतर्मुख, पण वर्गात आणि व्याख्यानात आतषबाजी करणारे. त्यांचं म्हणणं, ज्या कामावर आपला जीव आहे त्यासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊ शकतो, फक्त नंतर परतायला जागा लागते. एका सैनिकी महाविद्यालयात ते व्याख्यान झाल्यावर गप्पा टाळायला स्वच्छतागृहात जाऊन बसायचे. तू एवढ्यावर येऊ नकोस, आधीच मागून घे. हो म्हणायचं ठरलं तर वरिष्ठांना सांग: पहिले ३ महिने चाचपणीचे असावेत, दिवसातला काही वेळ प्रयोगशाळेत एकटीने काम करायला मिळावा, ऑडिटच्या दिवशी प्रश्नांचा अंदाज आदल्या दिवशी गटासोबत बसून घ्यायची मुभा असावी, मोठ्या बैठकीनंतर लगेच दुसरी बैठक नसावी. आठ जणांत एखादा बोलका असणारच, त्याला सुरुवातीचं स्वागत करू दे. हे मागणं म्हणजे लाड नव्हेत. बाबांनाही नाटकाआधी तालमी लागतात.

एक गोष्ट मात्र स्वतःशी खरी तपासून बघ. लोकांत गेल्यावर तू थकतेस की घाबरतेस? थकवा असेल तर विश्रांतीने जातो. पण आदल्या रात्री झोप उडते, छातीत धडधडतं, हात थरथरतात, आणि ते टाळण्यासाठी तू वाट वाकडी करतेस, लग्नकार्यं चुकवतेस, असं असेल तर तो स्वभाव नव्हे. ती भीती आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. बांबोळीची मनोविकार संस्था सरकारी आहे, तिथे जाता येतं. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरही बोलता येतं. वर्षानुवर्षं 'मी अंतर्मुख आहे' म्हणत भीती पोटात ठेवणारी मुलं-मुली मी खूप पाहिली. त्यांच्यासाठी हा परिच्छेद तुझ्यापेक्षाही जास्त आहे.

लग्नाचं थोडक्यात. मावसबहिणीला प्रेमाने सांग की पत्रिकेतल्या ३६ गुणांच्या जागी १६ प्रकार आणून काही वेगळं होत नाही. जोडप्यांचा स्वभाव किती सारखा आहे यावरून त्यांच्या समाधानाचा फार अंदाज बांधता येत नाही. प्रत्येकाचं स्वतःचं मन किती स्थिर आहे आणि भांडण झाल्यावर दोघं कसं वागतात, याला जास्त वजन आहे. त्याला साखरपुड्याआधी एक विचार: लग्नघरातून मला तासाभरात उठावंसं वाटलं तर तुला कसं वाटेल? त्याच्या उत्तरात तुला जे हवं ते कळेल.

आता आईच्या म्हणीकडे येते, आणि त्यासाठी आपल्या गोव्याचाच माणूस आठवतो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा तू पाहिला असशील, समोरच्या स्त्रीवर हात पसरलेला. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा धर्मगुरू संमोहनाच्या अभ्यासातला एक मोठा माणूस. गोष्ट सांगतात ती अशी की लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची बोबडी वळली. तेव्हा खाली बसलेले वडील कोकणीत पुटपुटले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' आणि जीभ मोकळी झाली. पुढे पॅरिसमध्ये १८१९ साली त्यांनी आपला ग्रंथ छापला, त्याच साली ते गेले. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलीही शक्ती वाहत नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडतं, हा त्यांचा मुद्दा काळाच्या पुढचा होता. बाय, 'आमची अबोल आहे' ही पण संमोहनातल्यासारखी एक सूचनाच होती. आईने ती मायेने दिली, आणि ती चालली कारण तू ती घेतलीस. बाहेर पाहुणे बसलेत आणि मूल आत गेलंय, असं घर ज्यांचं असेल त्या आयांनी 'ती नंतर येईल' एवढंच म्हणावं, असं मला फार वाटतं.

इतकं सगळं करून तू पद नाकारलंस तरी मला वाईट वाटणार नाही. पगार तितका वाढत नसेल, प्रयोगशाळेतलं बारीक कामच तुला खरं सुख देत असेल, लग्नाच्या वर्षी नवी जबाबदारी नको असेल, तर ही सगळी सरळ कारणं आहेत. त्यातलं जे खरं असेल ते वरिष्ठांना सांग. 'माझा प्रकार हा नव्हे' असं मात्र लिहून देऊ नकोस, कारण पुढच्या वेळी ते तुला विचारणारच नाहीत.

आज रात्री जेवणं झाली की बाबा व्हरांड्यात बसतील, तेव्हा जवळ जाऊन बस. सल्ला मागू नकोस, त्यांना तो देता येणार नाही. एवढंच विचार: तोंडाला रंग लावण्याआधीचा तास तुम्ही कुठे असता, आणि काय करता? उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तूही गप्प बसून राहा, ते तुम्हा दोघांनाही छान जमतं. काय म्हणाले ते मला कळव.